विश्लेषण : इंधनाशिवाय धावणारे यान शक्य आहे का? गतीच्या नियमांतला पुढचा शोध कुठून येईल?

इंधन नाही, ज्वाळा नाहीत, मागे काहीच फेकले जात नाही आणि तरीही यान पुढे जाते. असे ‘इंजिन’ सापडल्याचे व्हिडीओ दर दोन-चार वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नव्याने फिरू लागतात. त्यांतले बहुतेक न बघताच पुसून टाकण्यासारखे असतात. मात्र असाच एक दावा थेट ‘नासा’च्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला, त्यावर शोधनिबंधही छापून आला. त्याचे पुढे काय झाले? आणि गतीच्या नियमांत खरोखरच काही नवे सापडायचे असेल, तर ते कुठे दिसण्याची शक्यता आहे?

इंधनाची एवढी अडचण का?

बंद पडलेली एसटी ढकलायची तर प्रवाशांना खाली उतरावेच लागते. आत बसून पुढच्या सीटला कितीही रेटा दिला, तरी गाडी जागची हलत नाही. पाय जमिनीला रोवून जमीन मागे ढकलली, तरच गाडी पुढे जाते. नववीच्या पुस्तकातला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. अवकाशात जमीन नाही आणि हवाही नाही. त्यामुळे ढकलायची वस्तू यानाला स्वतःबरोबर न्यावी लागते आणि वाटेत मागे फेकत राहावे लागते.

गोम अशी, की हे ओझे वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते आणि त्या जादा इंधनासाठी आणखी. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये हा हिशेब मांडला, तो आजही बदललेला नाही. ‘इस्रो’च्या पीएसएलव्हीचे ‘एक्सएल’ रूप उड्डाणावेळी सुमारे ३२० टनांचे असते. ते ध्रुवीय सूर्यसमकालिक कक्षेत जेमतेम पावणेदोन टनांचा उपग्रह सोडते. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. या वेगाने सूर्याशेजारच्या ताऱ्यापर्यंतचे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. इंधनाशिवाय रेटा देणाऱ्या यंत्राचा मोह शास्त्रज्ञांना का पडतो, ते यावरून कळते.

दावा काय होता?

ब्रिटिश अभियंते रॉजर शॉयर यांनी २००१ च्या सुमारास ‘ईएम ड्राइव्ह’ची कल्पना पुढे आणली. तांब्याचा एक बंद डबा, आकार टोक कापलेल्या शंकूसारखा. आत मायक्रोवेव्ह सोडायचे. ते भिंतींवर आपटत राहतील, रुंद बाजूवर दाब थोडा जास्त पडेल आणि डबा सरकेल, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे थोडक्यात, आत बसून सीट ढकलणेच.

अनेकांनी हे हसण्यावारी नेले. पण २०१६ मध्ये नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधील ‘ईगलवर्क्स’ या छोट्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. निर्वात कक्षात मोजलेला रेटा एक किलोवॉटला १.२ मिलिन्यूटन या प्रमाणात भरला, असे त्यात होते. हा रेटा म्हणजे तांदळाच्या पाच-सहा दाण्यांचे वजन. प्रत्यक्षात यंत्राला शंभर वॉटपेक्षाही कमी शक्ती दिली होती, त्यामुळे मोजलेला आकडा याहूनही कितीतरी लहान होता. तरीही नुसता प्रकाशझोत मागे सोडून जेवढा रेटा मिळतो, त्याच्या तो सुमारे ३६० पट ठरत होता. जगभर बातम्या झाल्या. मंगळावर इतक्या दिवसांत आणि गुरूवर तितक्या दिवसांत, अशी कोष्टकेही लोकांनी तयार केली.

कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर एक हिशेब करून पाहा. रेटा गुणिले वेग म्हणजे यंत्र दर सेकंदाला करत असलेले काम. १.२ मिलिन्यूटनचा रेटा कायम राहिला, तर वेग सेकंदाला सुमारे ८३३ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर यानाला मिळणारी गतिज ऊर्जा आपण पुरवत असलेल्या एक किलोवॉटपेक्षा जास्त होऊ लागते. म्हणजे वीज तयार करणारे फुकटचे जनित्र! संवेगाचा नियम मोडला की ऊर्जेचा नियमही मोडतो. पदार्थविज्ञानाच्या लोकांनी भुवया उंचावल्या, त्या हट्टापायी नव्हे.

चूक सापडली कशी?

जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन टायमार यांच्या गटाने दावा खोडून न काढता तो नव्याने मोजला. तसेच यंत्र बनवले, निर्वात कक्षात अतिसंवेदनशील तुलेवर ठेवले. जिथे तुलेवर रेटा शून्य दिसायला हवा, अशा दिशेला यंत्र वळवले. तरी काटा हलला. मग डब्यात जाणारे मायक्रोवेव्ह जवळजवळ बंदच केले. तरीही काटा हललाच. २०१८ मध्ये संशयाची सुई वळली वीज नेणाऱ्या तारा आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्याकडे. २०२१ मध्ये त्यांनी यंत्र टांगण्याची पद्धतच बदलली. नासाच्या प्रयोगासारखा रेटा त्यांना दाखवताही आला आणि नाहीसाही करता आला. तो रेटा नव्हताच. यंत्र तापत होते, त्याचे भाग किंचित फुगत होते आणि त्यामुळे तुला कलत होती.

हे वाचताना मला इंजिनीअरिंगचे शेवटचे वर्ष आठवले. आमच्या गटाने विजेच्या उच्च दाबाने हवा ढकलणारे एक छोटे यंत्र बनवून तोलकाट्यावर ठेवले होते. आकडा अपेक्षेपेक्षा जवळपास दुप्पट आला आणि आम्ही अहवालात तो ठळक अक्षरांत लिहूनही टाकला. सरांनी एवढेच सांगितले, ‘उलटे करून ठेवा आणि पुन्हा मोजा.’ उलटे ठेवल्यावर आकडा उणे यायला हवा होता, आला शून्याच्या आसपास. जाड वायर काट्याला रेटत होती. सादरीकरणाला दोन दिवस उरले होते, त्या रात्री कोणी झोपले नाही.

मग असे दावे तपासूच नयेत का?

तपासावेत, आणि अवकाशात तपासावेत. ब्रिटनमधील माइक मॅककुलॉक यांच्या ‘क्वांटाइज्ड इनर्शिया’ या वादग्रस्त सिद्धान्तात जडत्वाचाच वेगळा उगम सांगितला आहे. त्यावर बेतल्याचे सांगितले जाणारे एक इंजिन नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘बॅरी-१’ या छोट्या उपग्रहातून कक्षेत गेले. पण उपग्रहाच्या वीजपुरवठ्यातच बिघाड झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, इंजिन सुरू होण्याआधीच, संपर्क तुटला. निकाल ना इकडे, ना तिकडे.

इंधनाशिवाय जाणारे यान मात्र एका अर्थाने आधीच आले आहे. जपानच्या ‘इकारोस’ने २०१० मध्ये १४ मीटर बाजूचे पातळ शीड उघडून सूर्यप्रकाशाच्या दाबावर वेग मिळवला. मिळालेला रेटा सुमारे एक मिलिन्यूटनच, पण खरा. त्यात कुठलाही नियम मोडत नाही, कारण ढकलणारा प्रकाश बाहेरून येतो.

नवे खरेच सापडले तर कुठे?

याचे उत्तर जुन्या उदाहरणात मिळते. बुध ग्रहाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा किंचित जास्त वळते, हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये दाखवले. आजच्या मोजणीनुसार हा फरक शंभर वर्षांत ४३ विकलांचा, म्हणजे एका अंशाच्या जेमतेम ऐंशीव्या भागाचा. त्यासाठी ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह कल्पिला गेला, काहींना तो दिसलादेखील! अखेर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सापेक्षतावादाने कोडे सुटले. तोच सापेक्षतावाद आज तुमच्या मोबाइलमध्ये आहे. जीपीएस उपग्रहांची घड्याळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात चूक दहा किलोमीटरच्या घरात जाईल.

माझ्या मते पुढचा धक्काही असाच, दशांशचिन्हानंतरच्या लांबच्या घरात बसेल. फ्रान्सच्या ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहाने प्लॅटिनम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे ठोकळे एकाच वेगाने पडतात का, हे मोजले. एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांत काही भागांइतकाही फरक आढळला नाही, असा अंतिम निष्कर्ष २०२२ मध्ये आला. सापेक्षतावाद आणि क्वांटम सिद्धान्त यांची सांगड घालू पाहणाऱ्या काही कल्पनांनुसार कुठेतरी हा फरक दिसायला हवा. तो याच्याही पुढच्या घरात दिसला, तर पुस्तके नव्याने लिहावी लागतील. मात्र लगेच रॉकेट मिळणार नाही; आइनस्टाइनच्या समीकरणांनाही जीपीएसपर्यंत यायला अनेक दशके लागली.

अशा मोजणीचे एक केंद्र महाराष्ट्रातही होत आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील ‘लायगो-इंडिया’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे. त्या आरशांचे प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतके हलणे तिथे टिपायचे आहे. रस्त्यावरून गेलेला ट्रक, वारा, जमिनीची बारीक थरथर यांमुळेही आरसे हलतात. यंत्र उभे राहिल्यावर तिथल्या अभियंत्यांचा बराचसा वेळ ही हालचाल ओळखून बाजूला काढण्यातच जाणार आहे.