एक्सल कडक नको, चिवट हवा

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की लातूरच्या एमआयडीसीतल्या लेथवर बैलांच्या टायरगाड्यांच्या एक्सलची कामं वाढतात. मांजरा पट्ट्यातली गाडी असो की नांदेडकडची अर्धापूरची, काही टन उसाचं ओझं शेवटी त्या एका दांड्यावरच येतं.

तिथल्या एका कारखान्यात बाकावर तुटका एक्सल ठेवला होता. त्याचं तुटलेलं तोंड उजेडात धरलं. काठाकडचा भाग गुळगुळीत, गंजलेला आणि शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेघांचा. उरलेला दाणेदार, ताजा. तडा कितीतरी आधीपासून आत सरकत होता, खड्ड्याचा धक्का केवळ निमित्त ठरला. असाच 1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वे इंजिनाचा एक्सल तुटून पन्नासहून अधिक माणसं दगावली. पुढे आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी सिद्ध केलं, की एकदा सहज पेलला जाणारा भार लाखो वेळा बसला तर पोलादही मोडतं.

गिऱ्हाईक मात्र मागतं, "कडक गज द्या." मिस्त्री समजावतो, "मालक, कडक असलं की मोडतंय. चिवट असलं की आधी वाकतंय, गाडी थांबवायला वेळ मिळतो."

मग तो दोन तुकडे ग्राइंडरला लावतो. साध्या एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, ठिणग्या लांब, सरळ जातात. ईएन-8 या ग्रेडच्या पोलादाच्या ठिणग्यांना टोकाशी भराभर फाटे फुटतात, कारण त्यात कर्ब जास्त, 0.35 ते 0.45 टक्के. जालन्याची टीएमटी सळई स्लॅबला उत्तम, एक्सलला नाही. तिचं बळ बरंचसं वरच्या कडक थरात असतं. बेअरिंग बसवायला लेथवर तो थर उतरवला की मऊ गाभाच हाती उरतो. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनमचं ईएन-24 जास्त ताकदीचं, पण महाग. शिवाय नीट तापवल्याशिवाय वेल्डिंग केलं तर जोडाशेजारीच तडा जातो. बैलगाडीला चांगलं ईएन-8 पुरतं.

ग्रेड बदलल्याने एक्सल कमी लवत नाही, कारण सगळी पोलादं भाराखाली जवळपास सारखीच लवतात. तिथे जाडीच लागते. 40 मिलिमीटरचा दांडा 50 चा केला की वाकवणारा भार सोसायची ताकद जवळजवळ दुप्पट होते. बेअरिंगसाठी दांडा जिथे बारीक केलेला असतो, तिथल्या पायरीचा कोपरा काटकोनी ठेवला तर उत्तम मालही तिथूनच तुटतो. म्हणून मिस्त्री त्या कोपऱ्याला गोलाई देतो आणि टूलचे ओरखडे पॉलिशपेपरने घालवतो.

एक्सल घेताना वजनावर आणि भावावर थांबू नका. ग्रेड विचारा, बिलावर लिहून घ्या, पायरीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवून बघा. भरल्या गाडीजवळून बैल चालतात, माणसं चालतात, त्यांची लेकरंही चालतात.