उजव्या कुशीतले दुखणे

अकोल्याहून निघालेली एस. टी. पातूरचा घाट चढून गेली, की वाशीम जिल्ह्यातले मेडशी लागते. अशा गावांत लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. त्यांतलीच एक घटकाभर डोळ्यांपुढे आणा. सुटका सुखरूप झाली, पेढे वाटून झाले, आणि सहाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. उजव्या कुशीत, बेंबीच्या खाली दुखू लागले. आई म्हणते, "दूध दाटलं असेल." शेजारीण म्हणते, "वारा बाधला." डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण तीन-चार दिवस उलटले तरी ताप हटत नाही.

बहुतेक वेळा कारण साधेच निघते, हे आधीच सांगून टाकतो. उगीच कोणी धास्ती घेऊ नये. पण क्वचित एखादीच्या बीजांडकोशाच्या नीलेत रक्ताची गुठळी झालेली असते. गरोदरपणी ही नीला फुगून कितीतरी पट रक्त वाहून नेते. बाळ जन्मले की हा ओघ एकाएकी मंदावतो. शिवाय बाळंतिणीचे रक्त लवकर गोठते. रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय. त्यात महिनाभर बाजेवर निजवून ठेवायचे आणि पाणीही मोजूनमापून द्यायचे, ही आपली जुनी रीत! पाणी भरपूर द्यावे आणि तिला घरात हिंडूफिरू द्यावे, हे आजीबाईंची क्षमा मागून सांगतो.

गुठळी बहुधा उजवीकडेच होते, म्हणून ती अपेंडिक्सचे सोंग घेते. १९५६ साली ऑस्टिन नावाच्या डॉक्टरांनी या दुखण्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्या काळी पोट उघडल्यावरच खरा प्रकार कळे. आता सोनोग्राफीने पुष्कळदा सुगावा लागतो. मात्र आतड्यांतल्या वायूमुळे नीला झाकली गेली, तर शिरेत औषध सोडून काढलेला सी. टी. स्कॅनच खात्री देतो. त्यासाठी अकोल्यासारख्या मोठ्या गावी जावे लागले, तर जावे. उजवी नीला थेट पोटातल्या महानीलेला मिळते. गुठळीचा तुकडा सुटला तर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो. धाप लागली, छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा.

उपचार मात्र जुनाच आहे. आधी हेपारिनची इंजेक्शने, मग बहुधा वॉरफरिनच्या गोळ्या, साधारण तीन ते सहा महिने. जंतुसंसर्ग असेल तर सोबत अँटिबायोटिक. मौज अशी, की हे वॉरफरिन १९४८ च्या सुमारास उंदीर मारण्यासाठी बाजारात आले होते! ही औषधे गुठळी वाढू देत नाहीत, ती विरघळवण्याचे काम शरीर स्वतःच करते. अंगावर पाजायला दोन्हींची आडकाठी नाही. गोळ्या चालू असताना रक्त ठरल्या वेळी तपासावे, आणि पालेभाजी रोज बेतानेच, सारख्या प्रमाणात खावी. एक दिवस ताटभर मेथी नि चार दिवस काहीच नाही, असे नको.

बाळंतपण नाही, शस्त्रक्रिया नाही, तरीही अशी गुठळी निघाली तर? तेव्हा "कारण कळत नाही" एवढ्यावर समाधान मानू नये. ओटीपोटात कुठे गाठ वा कर्करोग लपला आहे का, रक्तातच गोठण्याचा दोष आहे का, हे पाहावे लागते. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संशोधन संस्था याच विषयात काम करते. यांतल्या काही तपासण्या गुठळी ताजी असताना किंवा औषध चालू असताना चुकीचे उत्तर देतात. त्या केव्हा करायच्या, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. एवढे करूनही कधी कधी कारण सापडत नाही. मग औषध किती दिवस घ्यायचे, हा निर्णय अधिक जपून घ्यावा लागतो.

स्कॅनचा कागद मात्र बाळाच्या लसीच्या कार्डाबरोबर जपून ठेवावा. वॉरफरिन गर्भाला बाधते. म्हणून पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल, तर आधीच तो डॉक्टरांपुढे ठेवावा. त्या नऊ महिन्यांत गरज पडलीच, तर ते हेपारिनचीच इंजेक्शने देतात.