उसनी दिलेली गाडी आणि जन्मठेप : ‘फेलनी मर्डर’चा नियम

आज एका गाडीपासून सुरुवात करू. २००३ साल, अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य. वीस वर्षांच्या एका तरुणानं पार्टीनंतर मित्राला आपली गाडी दिली. मित्र साथीदारांसह एका घरात चोरी करायला गेला. तिथं त्यांच्यातल्या एकानं अठरा वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. गाडी देणारा तेव्हा आपल्या घरी होता. चोरीची भाषा कानावर आली होती, पण ती थट्टा वाटली, असं त्याचं म्हणणं. २००४ मध्ये त्याला खुनासाठी जन्मठेप झाली, तीही पॅरोलशिवाय. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी ती २५ वर्षांवर आणली.

तुम्ही म्हणाल, यानं खून केला कुठं? इथंच ‘फेलनी मर्डर’चा नियम येतो. फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा. दरोडा, घरफोडी, जाळपोळ अशा गुन्ह्यात कुणी मेलं, तर त्यात सामील असलेला प्रत्येकजण खुनी. मारण्याचा हेतू सिद्ध करायची गरजच नाही.

आता याचा चुकीच्या शिक्षांशी संबंध काय? खुनाच्या खटल्यात सर्वांत अवघड असतं ते हेतू सिद्ध करणं. ती पायरीच काढली की चूक पकडायची एक जागा गेली. शिवाय चौकशीत दमलेला माणूस म्हणतो, ‘मी नुसता तिथं होतो, केलं दुसऱ्यानं.’ त्याला वाटतं, सुटलो. १९८९ च्या न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्क प्रकरणात पाच किशोरवयीन मुलं अशाच धाटणीच्या जबाबांवर दोषी ठरली. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि डीएनए पुढे आल्यावर त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या. त्या खटल्यात पीडित स्त्री वाचली होती. पण जिथं मृत्यू होतो, तिथं ‘तिथं होतो’ हे खोटं वाक्यसुद्धा खुनाची कबुली ठरू शकतं.

हा नियम इंग्लंडमधून आला, आणि इंग्लंडनंच तो १९५७ मध्ये रद्द केला. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये तो मोडीत काढला. कॅलिफोर्नियानं २०१८ मध्ये कायदा बदलला. आता तिथं ज्यानं स्वतः मारलं, मारण्याच्या हेतूनं मदत केली, किंवा गुन्ह्यात मोठा वाटा उचलून दुसऱ्याच्या जिवाची बेफिकिरी दाखवली, तोच साधारणपणे खुनी ठरतो. पोलीस मारला गेला तर अपवाद. महत्त्वाचं म्हणजे, जुन्या कैद्यांनाही अर्ज करता येतो.

आपल्याकडे? दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यात मेकॉलेच्या आयोगानं यावर फार छान उदाहरण दिलं होतं. शेकडो पाकीटमार खिशात हात घालतात. एकाच्या नशिबी खिशात भरलेलं पिस्तूल येतं, चाप ओढला जातो, माणूस जातो. हेतू सगळ्यांचा एकच, मग यालाच खुनी का म्हणायचं?

तरी दरोड्यात खून झाला, तर पाच किंवा जास्त दरोडेखोरांपैकी प्रत्येकाला फाशीपर्यंत शिक्षा देणारं कलम ३९६ आपल्या संहितेत आलंच. आज ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१०(३) आहे. जुन्या कलमात फाशी-जन्मठेपेशिवायचा पर्याय जास्तीत जास्त दहा वर्षांचा होता. नव्यात तो कमीत कमी दहा वर्षांचा झाला.

साथीदारानं मोकळं सुटावं, असं आम्ही म्हणत नाही. चोरीत मदत केली तर चोरीची शिक्षा व्हावीच. पण ‘खुनी’ म्हणण्याआधी त्याच्या मनात काय होतं, हे न्यायालयानं विचारलंच पाहिजे. निरपराध माणूस वाचतो तो अनेकदा याच प्रश्नामुळे.