जैहून, ऑक्सस, आमू दर्या

मराठीत दर्या म्हणजे समुद्र आणि उर्दूत दरिया म्हणजे नदी. दोन्ही भाषा शिकणारी मुले इथे हमखास अडतात. मूळ फारसी शब्द एकच. त्यात दोन्ही अर्थ आहेत. मध्य आशियातील आमू दर्या ही मात्र नदीच, सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीची.

इमाम तिर्मिझी (रह.) यांचे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यांचे तिर्मिझ शहर याच नदीच्या उत्तर काठावर, आजच्या उझबेकिस्तानात आहे. अरब भूगोलकार नदीला जैहून म्हणत. (तुर्कस्तानातील जैहान नदी वेगळी.) समरकंद-बुखाऱ्याच्या मुलखाला त्यांनी नाव दिले मावराउन्नहर, म्हणजे नदीपलीकडचा प्रदेश. तिथल्या रहिवाशांना तो अलीकडचाच! नाव देणारा कुठल्या काठावर उभा होता, हे त्या नावातच राहून गेले. ग्रीक तिला ऑक्सस म्हणत. ‘आमू’ हे काठावरच्या जुन्या आमुल शहरावरून आले, असे मानतात. ते शहर आजचे तुर्कमेनाबाद.

वर पामीरकडे जावे तशी नावे वाढतात. पंज आणि वख्श मिळून आमू होते. पंज म्हणजे पाच, आपल्या पंजाबातलाच. वख्शचा वरचा प्रवाह किर्गिझस्तानात किझिल-सू, तर ताजिकिस्तानात सुर्खोब. पहिले नाव तुर्की वळणाचे, दुसरे फारसी. अर्थ एकच, लाल पाणी. उर्दू वाचणाऱ्याला सुर्ख आणि आब लगेच ओळखू येतील.

१८३८ मध्ये जॉन वुड हा स्कॉटिश नौदल अधिकारी उगम शोधत पामीरातील झोरकुल सरोवरापर्यंत पोहोचला. पुढे इंग्रजी नकाशांत त्या सरोवराला व्हिक्टोरिया राणीचे नाव लागले. ते टिकले नाही, पण १८७३ च्या रशिया-ब्रिटन कराराने नदीची सरहद्द केली, ती टिकली. पंजच्या दोन्ही काठांवर वखी बोलणारी माणसे राहतात. आज एका काठावर ताजिकिस्तान, समोर अफगाणिस्तान. हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दुसरा देश.

खाली नदी अरल समुद्राला मिळत असे. सोव्हिएत काळात, विशेषतः १९६० नंतर, कापसासाठी तिचे पाणी कालव्यांत वळवले गेले आणि अरल आटत गेला. उझबेकिस्तानातील मोयनाक हे एके काळचे मासेमारीचे बंदर. तिथे गंजलेल्या बोटी आज वाळूत उभ्या आहेत आणि पाण्याचा काठ कित्येक किलोमीटर दूर गेला आहे.