सोमेश्वरचा धबधबा व वाइनच्या द्राक्षांचे मळे

नाशिक शहरातून गंगापूर रस्त्याने पश्चिमेस सुमारे ८ किलोमीटर गेले असता गोदावरीकाठी सोमेश्वर महादेवाचे देवालय लागते. त्याच्या जवळच नदी काळ्या पाषाणाच्या पायरीवरून खाली उतरते. या धबधब्यास स्थानिक लोक दूधसागर म्हणतात. उंचीने तो मोठा नाही. त्याची शोभा रुंदीत आहे. येथून गंगापूर धरणाच्या बाजूस वळले की वाइनच्या द्राक्षांचे मळे लागतात. डोंगर चढण्याचे श्रम नसल्याने वडीलधाऱ्यांनाही ही सहल झेपते व सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास घरी परततो.

मात्र धबधबा व द्राक्षे ही दोन्ही एकाच वेळी ऐन भरात पाहावयास मिळत नाहीत. जुलै ते सप्टेंबरमध्ये, विशेषतः धरणातून पाणी सोडले असता, धबधबा भरून वाहतो. त्या वेळी वेलीवर केवळ पाने असतात व बागाईतदार केवडा रोगाच्या चिंतेत असतो. फळछाटणी पावसाळा सरताना होते आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये चालते. तेव्हा नदीत खडकच अधिक दिसतात. शेतकऱ्याने काढणीच्या दिवसांतच जावे, असे आमचे मत आहे.

खाण्याच्या द्राक्षांचा अनुभव असलेल्या बागाईतदारास तेथे बरेच निराळे दिसेल. वेली मांडवावर न पसरता उभ्या तारांवर ओळीने चढविलेल्या असतात. शिराझ, काबरने सोव्हिन्यों यांचे मणी लहान, जाड सालीचे व बियांचे असतात. लाल वाइनचा रंग सालीतून येतो. म्हणून तिचा रस सालीसह आंबवितात. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच गाळून घेतात व पोलादी टाक्यांत थंड ठेवून आंबवितात.

या भागात सुला या कंपनीने २००५ साली पाहुण्यांसाठी आस्वाद-कक्ष उघडला. आस्वाद घेताना पांढरी वाइन आधी व लाल नंतर घ्यावी. पेला देठाशी धरावा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. प्रथम वास घ्यावा, मग लहान घोट तोंडात फिरवावा. तो गिळलाच पाहिजे असे नाही, थुंकण्याचीही रीत आहे. वाहन चालविणाऱ्याने व अल्पवयीनांनी पेल्यापासून दूर राहावे. जे मद्य घेत नाहीत, त्यांचे टाक्या व मळा पाहण्यात काही उणे पडत नाही.

ही शोभा पाहून लागवडीचा मोह होणे साहजिक आहे. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यानंतर अनेकांनी वाइनच्या वेली लावल्या. पुढे २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, माल पडून राहिला आणि कित्येकांना त्या उपटाव्या लागल्या. ही द्राक्षे बाजारात खाण्यासाठी विकली जात नाहीत. गिऱ्हाईक एकच, तो कारखाना. यास्तव दर, गोडीचे प्रमाण, माल नाकारण्याच्या अटी व पैसे देण्याची मुदत लेखी करारात उतरल्याखेरीज एक काडीही लावू नये. मळ्यात भेटेल त्या करारदार शेतकऱ्यास, मागील हंगामाचे पैसे किती दिवसांनी मिळाले, हे अवश्य विचारावे.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी सोमेश्वरच्या शेवाळलेल्या खडकांवर उतरू नये. धरणाचे पाणी सुटले म्हणजे पात्र थोड्याच वेळात भरते.