फोटो नाही, मथळा नाही... तरीही पान नंबर वन!

पेपरचं पहिलं पान म्हणजे काय? वर दिमाखात पेपरचं नाव, खाली जाडजूड मथळा, मधोमध मोठ्ठा फोटो आणि तळाला अँकर. हा फंडा आपल्याला शाळेपासून पाठ. पण बॉस, ३० ऑगस्ट २०२३चा ‘द डेली टार हील’ बघा. अमेरिकेतल्या चॅपेल हिलमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाचा, १८९३पासून निघणारा, विद्यार्थ्यांनी चालवलेला हा पेपर. त्या बुधवारी पहिल्या पानावर ना फोटो, ना बातमी. फक्त मोबाइलवरचे मेसेज. पान गच्च भरून!

तीन तास आणि एक फोन

दोन दिवस आधी, २८ ऑगस्टला, कॅम्पसवर गोळीबार झाला होता. त्यात एका प्राध्यापकाचा जीव गेला. सुमारे तीन तास सगळा कॅम्पस दारं लावून बसला होता. मुलांच्या हातात होता फक्त फोन. ठीक आहेस ना? कुठे आहेस? एकटीच आहेस का? आईबाबा विचारत होते, मित्र विचारत होते. पेपरच्या टीमने हेच मेसेज गोळा केले आणि थेट छापले.

आता जरा डिझायनरच्या नजरेने बघा. सगळी कॅपिटल अक्षरं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, वेळ नाही, मोबाइलवरचे ते फुगेही नाहीत. एक मेसेज संपतो तिथेच दुसरा सुरू. रंग काळा, मधूनच लाल. डोळ्याला विसावा द्यायला मोकळी जागाच नाही, त्यामुळे वाचताना आपलाही श्वास अडकतो. बातमी वाचतोय असं वाटतच नाही. आपणच त्या खोलीत कोंडलोय असं वाटतं.

आणि हा नुसता ‘लूक’चा मामला नव्हता हं. पोलिसांच्या गाड्या दोन दिवस टीव्हीवर दिसून गेल्या होत्या. तोच फोटो छापून उपयोग काय? या मुलांकडे होते ते मेसेज, जे कुठल्याही चॅनलकडे नव्हते. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडेन यांनीही ते पान सोशल मीडियावर शेअर केलं.

पान एक कोणाचं?

आमच्या मास कॉमच्या लॅब जर्नलचं पान एक मी इनडिझाइनवर लावायचे. लीडचा फोटो ठरलेला... प्रमुख पाहुणे, समई आणि दीपप्रज्वलन! हॉस्टेलच्या पाण्याची बातमी गुपचूप पान तीनवर जायची. ले-आउट कितीही सही करा, वर काय जाणार हे दुसरंच कोणी ठरवत असेल तर सगळं पाण्यात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १८६७पासून निघणाऱ्या ‘इंडियाना डेली स्टुडंट’ला ऑक्टोबर २०२५मध्ये युनिव्हर्सिटीने सांगितलं, की होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या जल्लोषाच्या अंकात फक्त होमकमिंगचीच माहिती द्या, पहिल्या पानावर नेहमीच्या बातम्या नकोत. पेपरच्या सल्लागाराने नकार दिला, तर त्याची नोकरी गेली. पाठोपाठ छापील अंकच बंद! मग काय झालं? कट्टर प्रतिस्पर्धी पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या ‘एक्स्पोनंट’च्या मुलांनी विशेष अंक छापला आणि इंडियानाच्या कॅम्पसवर आणून वाटला. दोस्ती असावी तर अशी! महिनाअखेरीस युनिव्हर्सिटी नमली आणि छपाईला परवानगी मिळाली.

आता विचार करा. बातम्या वेबसाइटवर टाकायला अडचण नव्हती, भीती होती ती छापलेल्या पहिल्या पानाची. कारण वेबसाइट उघडावी लागते; स्टँडवरचं पान येताजाता दिसतं.

तेव्हा मंडळी, ऑफिसचं न्यूजलेटर कधी गळ्यात पडलंच, तर फॉन्ट शोधायच्या आधी एकच प्रश्न विचारा. आपल्याकडे असं काय आहे, जे दुसऱ्या कोणाकडेच नाही? ते वर घ्या. समईचा फोटो पान तीनवरही छान दिसतो!