देवळालीचे अंकवेडे मास्तर

तुमसर रोड स्थानकावर तिरोडीच्या गाडीची वाट पाहत बसण्याचा योग आम्हांस अनेकदा आला आहे. असा वेळ कोणी वर्तमानपत्रात घालवतो, कोणी डुलकी काढतो. परंतु गाडी बदलताना संख्यांचे एक नवे कुळच ज्यांना सुचले, असे एक शाळामास्तर महाराष्ट्रात होऊन गेले. ते स्थानक डोंबिवली, आणि त्या नावावरून त्यांनी १२१, १२३२१ अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. ११ व १११ यांचे हे वर्ग होत.

या मास्तरांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. ठाण्यास शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळविले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिकवीत राहिले. पोटापाण्याचा उद्योग शिकवण्याचा, आणि जिवाचा छंद अंकांचा!

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४६ सालचा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या हाती येते, आणि तेथून पुढे ती हलत नाही. आम्ही मास्तरांचे जन्मसालच घेऊन पाहिले. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. बरोबर सात पायऱ्या!

यात जादू नाही. प्रत्येक वेळी येणारी वजाबाकी ही सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, यांची बेरीज असते. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच पायरीवर अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात, आणि तेथून सगळ्या वाटा एकाच गावी जातात.

आम्ही मराठीचे विद्यार्थी. म्हणून आम्हांस या संख्यांइतकीच त्यांची नावेही मोहवितात. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते, ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४, तीही हर्षदच. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती ‘स्वयंभू’. २० ही अशी एक. या संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे, देवळालीचेही नाव दिले.

विद्वानांच्या जगात मात्र या छंदाचे कौतुक झाले नाही. अनेकांना तो पोरखेळ वाटला. कापरेकरांनी स्वतः पुस्तिका छापल्या, परिषदांतून निबंध वाचले. १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. त्या वेळी मास्तरांचे वय सत्तर होते.

हे सारे लिहिताना एक जुनी गोष्ट आम्हांस टोचते. नोकरीच्या आरंभीच्या काळात आमच्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर बसून वहीत अंकांचे चौकोन भरीत असे. उभी, आडवी, तिरपी, सगळीकडून सारखी बेरीज! आम्ही वही जप्त केली आणि वर्गासमोर त्याची थट्टा केली. वर्षअखेर वही परत केली, तेव्हा त्याने ती न उघडताच दप्तरात टाकली. पुन्हा तसे चौकोन मांडताना तो आम्हांस दिसला नाही. त्या चौकोनांतून काही निपजले असतेच असे नाही. पण त्याचा हर्ष आम्ही हिरावून घेतला, हे खरे. कापरेकरांना तो हर्ष कोणी नाकारू शकले नाही, कारण त्यांनी तो दुसऱ्याच्या मान्यतेवर टाकलाच नव्हता.

आता आमच्या शाळेत मोकळ्या तासाला मुले आपापले जन्मसाल फळ्यावर मांडतात. वाचकांनीही घरी हा खेळ खेळून पाहावा. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले. ते सालही आम्ही मांडून पाहिले. पहिल्याच पायरीला ८१७२ आले, म्हणजे त्यांच्या जन्मसालाची वाट तेथेच मिळाली. त्यापुढे दोन्ही साले हातात हात घालून ६१७४ पर्यंत गेली.